पुढे ज्वारी, मागे इंजिन

मी गाडी चालवायला शिकले ती अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीनं हट्ट धरला म्हणून. आदिलाबादच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझ्याबरोबर शिकणारी सगळी पोरं माझ्या मुलीच्या वयाची होती आणि मला ‘मॅडम’ म्हणून पुढची पाळी देत होती. लायसन हातात आलं तेव्हा घरात गाडी नव्हती, घ्यायचा विचारही नव्हता. दोन वर्षांनी आली, तीही अशी की तिचं इंजिन बघायला अख्खी गल्ली गोळा झाली.

आम्ही तेलंगणात, आदिलाबादजवळच्या बेल्यात बुद्धविहाराच्या गल्लीत राहतो. मी जवळच्या खेड्यातल्या मराठी शाळेत शिकवते. आमचे हे तहसील कार्यालयात कारकून आहेत. शेताच्या बांधावरून झालेली भांडणं, वीज पडून मेलेली जनावरं, उलटलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या, सगळ्यांचे कागद ह्यांच्या टेबलावरून जातात. त्यामुळे असेल, पण ह्यांचा कुठल्याही चाकावर विश्वास नाही. मोटरसायकलसुद्धा बैल हाकल्यासारखी सावकाश चालवतात आणि हेल्मेट घातल्याशिवाय दुकानातून दूधही आणत नाहीत.

माझी थोरली बहीण मंचेरियलला असते. भाऊजी कोळशाच्या खाणीत होते. ताईचं लग्न झालं तेव्हा मी नववीत होते, आणि दर उन्हाळ्यात मला तिच्याकडे पाठवायचे. तिच्या क्वार्टरसमोर खाणीतल्या एका सर्व्हेअरचं घर होतं. सर्व्हेअर तेलुगू, फार कमी बोलणारे. त्यांची बायको उंच, खणखणीत आवाजाची. तिला सगळी कॉलनी अम्मा म्हणायची. त्यांच्या अंगणात शेडखाली एक परदेशी गाडी असायची. दोन दारांची, गोल पाठीची, कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाची. खाणीत यंत्रं बसवायला आलेला कुणी परदेशी इंजिनियर मायदेशी जाताना ती सर्व्हेअरना विकून गेला होता. सर्व्हेअर तिला हात लावत नसत. चालवायची अम्मा. पदर कमरेला खोचायची, चपला काढून सीटखाली सारायची आणि अनवाणी पायांनी गाडी बाजारात न्यायची.

गाडी चालवणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली ती हीच. एकदा माझी परतीची रेल्वे चुकणार असं दिसलं तेव्हा अम्मानं मला आणि ताईला गाडीत बसवलं. मी मागच्या सीटवर होते. पाठीमागून इंजिनाचा आवाज येत होता, आणि मला वाटत होतं की कुणीतरी आमचा पाठलाग करतंय. अम्मा वळून न बघता म्हणाली, “वो पीछेच रहता है. डरो नक्को.” रेल्वे मिळाली. मी डब्याच्या खिडकीतून बाहेर बघत होते, पण डोळ्यापुढे अम्माची वेणी आणि स्टिअरिंगवरचे तिचे हात होते. आपणही एक दिवस असं करायचं, असं काही मी तेव्हा ठरवलं नाही. शेतमजुराच्या घरातून पहिल्यांदा शिकून मास्तर झालेल्या माणसाची मी मुलगी. माझ्या वडिलांची सायकल हीच आमच्याकडची मोठी वस्तू होती. गाडीचं स्वप्न बघण्याइतकी ती जवळची गोष्ट नव्हती.

दोन उन्हाळ्यांपूर्वी ताईकडे गेले तेव्हा अम्मा पंचाहत्तरीच्या पुढे होती. सर्व्हेअर वारले होते. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि मुलं परदेशातून रोज फोन करून सांगत होती की गाडी भंगारात द्या. शेडखाली गाडी तशीच होती. रंग उडाला होता, पण काचा स्वच्छ पुसलेल्या.

मी सहज म्हटलं, “अम्मा, मैं भी चलाना सीखी.”

अम्मानं माझ्याकडे नीट पाहिलं. आत गेली, किल्ली घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. “दिखा.”

मी गाडी सुरू केली. क्लच असा कडक की सगळा जोर लावून दाबावा लागला. कॉलनीला एक फेरी मारून आले, दोनदा बंद पाडली. अम्मा फाटकापाशी खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, “भंगार वाले को नहीं देती. चलाने वाले को देती. तू लेती क्या?”

पैशांचं बोलणं दोन मिनिटांत संपलं; तिनं मुद्दामच संपवलं. ह्यांना फोन करायचं माझ्या मनात आलं होतं. पण केला असता तर गाडी आली नसती, हेही माहीत होतं. म्हणून केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला शेजारी बसवून मी निघाले. जन्नारमच्या जंगलातून रस्ता. दोन्ही बाजूंना साग, त्याची पानं उन्हाळ्यात झडलेली. ताई सगळा वेळ पुढच्या काचेवर हात ठेवून बसली होती, काच पडेल या भीतीनं. उटनूरच्या अलीकडे पेट्रोल भरायला थांबलो. पंपावरचा माणूस मागे गेला, झाकण शोधत राहिला. मी पुढचं झाकण उघडून दिलं. टाकी पुढे, जिथं सगळ्यांचं इंजिन असतं तिथं. पेट्रोल भरून झाल्यावर तो पाण्याची बाटली घेऊन आला. “मॅडम, गर्मी बहुत है. पानी डालूँ?”

“इसमें पानी नहीं लगता.”

त्याला वाटलं मी नवशिकी आहे. ते खरंही होतं, पण पाण्याचं मी बरोबर सांगत होते. त्या इंजिनाला हवेनंच गार व्हायची सवय. तो बाटली हातात घेऊन गाडीभोवती फिरला, मागचं झाकण उघडून वाकून बघितलं, आणि आतल्या सोबत्यांना ओरडून बोलावलं. आम्ही निघेपर्यंत तिथं सात-आठ माणसं होती.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. हे ओट्यावर पेपर वाचत बसले होते. आवाज ऐकून त्यांनी मान वर केली आणि पेपर खाली ठेवला.

“हे काय होय?”

“गाडी.”

“कोणाची?”

“आपली.”

हे उठले, पण जवळ आले नाहीत. लांबूनच एक फेरी मारली. तोवर गल्लीतली बायामाणसं जमली होती. कुणीतरी पुढचं झाकण उघडायला लावलं. आत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी.

“इंजिन कुठं हाय?”

“मागं.”

“मागं काऊन?” ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, “तिकडं तसंच बनवतात.” हे म्हणाले, “म्हंजे पेट्रोल मांडीवर घेऊन बसाचं आन् इंजिन पाठीवर? तू काऊन घेतली वं हे? मले इचारलं तरी का?”

“इचारलं असतं तर तुमी हो म्हटलं असतं का?”

“नाई.”

“म्हून नाई इचारलं.”

ताई मधे पडली नाही. ती घरात जाऊन चहा ठेवायला लागली.

त्याच आठवड्यात मुलीचा हैदराबादहून फोन आला. मी पाठवलेला फोटो तिनं मैत्रिणींना दाखवला होता, आणि कुणीतरी तिला सांगितलं की या प्रकारच्या जुन्या मागच्या इंजिनाच्या गाड्यांवर परदेशात फार वाद झाला होता. तिनं मग एकामागून एक व्हिडिओ पाठवले. काही लोक म्हणतात, गाडीत काही खोट नाही, चालवणाऱ्यांना चालवता येत नव्हती. काही म्हणतात, वळणावर मागची चाकं आतल्या बाजूला मुडपतात आणि गाडी गिरकी घेते, कधी उलटते. मुलीनं सांगितलं, “मम्मी, गाडी गोड आहे, पण तू अंगणातच ठेव. आपण तिच्यात बसून चहा पिऊ.”

ह्यांनी ते व्हिडिओ माझ्याआधी पाहिले. तीन-तीनदा पाहिले. दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना सांगितलं, “मी काई या गाडीत बसत नाई. मले नोकरीची पाच वर्सं रायली हायेत.”

मी मात्र गाडी चालवत राहिले. शाळेत घेऊन जायला लागले. पोरांनी तिला लगेच नाव दिलं. आमच्याकडे पोरं घरी मराठी बोलतात, शाळेत तेलुगूही शिकतात. तेलुगूत अंड्याला गुड्डू म्हणतात. गाडी गुड्डू झाली. मधल्या सुट्टीत पोरं तिच्या मागच्या जाळीवर कान लावून इंजिन गार होताना होणारी टकटक ऐकायची.

ह्यांचं काय झालं तर ते बसेनात, पण मला एकटीला जाऊही देईनात. एका रविवारी मी आदिलाबादला निघाले तर आरशात मोटरसायकल दिसली. हेल्मेट घातलेले आमचे हे. मी हळू केली तर हे हळू, मी थांबले तर हे थांबले. खाली उतरून विचारलं, “तुमी कुठं?”

“आदिलाबादले.”

“मंग बसा ना गाडीत.”

“नाई. मागं इंजिन हाय, तं मागूनच लक्ष ठेवाव लागते.”

तेव्हापासून तोच रिवाज पडला. मी पुढे, माझ्यामागे इंजिन, इंजिनामागे माझा नवरा. रस्त्यावरच्या गावांतली माणसं बघून हसायची. एका म्हातारीनं तर मला फाट्यावर थांबवून सांगितलं की बाई, एक हेल्मेटवाला कवापासून तुमच्या मागं लागलाय.

भाद्रपद संपता संपता (आमच्यात पितृपक्ष पाळत नाहीत) बोथला माझ्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा होता. आम्ही नेहमीच्या थाटात गेलो. जाताना काही झालं नाही. पाहुण्यांनी गाडीसमोर फोटो काढले. नवरीला ड्रायव्हरच्या जागी बसवून काढलेला फोटो तर नंतर सगळ्या नातेवाइकांच्या फोनवर फिरला. दुपारी जेवून निघालो. सकाळी एक सर येऊन गेली होती. हायवेला लागायच्या आधी शेतांमधून एक लांब वळण आहे, आणि तिथं ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला काळा चिखल डांबरावर पसरला होता.

मी वळणात शिरले ती थोडी वेगात. शिरल्यावर चिखल दिसला. घाबरले आणि एक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. पुढे जे झालं ते इतकं शांतपणे झालं की मला ओरडायलाही सुचलं नाही. गाडीची शेपूट माझ्या डाव्या बाजूनं पुढे निघाली. समोरचा रस्ता सरकून गेला, त्या जागी कापसाचं शेत आलं, मग तूर, मग एक बाभूळ, आणि मग पुन्हा रस्ता. पण हा रस्ता ज्यावरून मी आले होते तो. गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. समोर पंचवीस-तीस पावलांवर माझा नवरा मोटरसायकलवर, एक पाय जमिनीला टेकवून. काचेतून आम्ही एकमेकांकडे बघत होतो.

मी हात हलवून दाखवला, ठीक आहे म्हणून. ह्यांनी मोटरसायकल स्टँडवर लावली, हेल्मेट काढलं, आणि चालत येण्याऐवजी रस्त्याच्या कडेला मटकन खाली बसले. मी उतरून धावत गेले.

“लागलं का तुले?”

“नाई. तुमाले काय झालं?”

“मले काई नाई. पाणी दे.”

गाडी उलटली नव्हती. एक ओरखडासुद्धा नव्हता. मागची चाकं तुरीच्या पहिल्या ओळीत गेली होती एवढंच. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवानानं बैल थांबवले, काळ्या रस्त्यावरचा चाकांचा अर्धा गोल बघितला, मग माझ्याकडे बघून अगदी समजुतीनं म्हणाला, “बाई, वळवाचीच होती तं थोडी पुढं जागा होती ना. तिथं आरामात वळली असती.”

ह्यांना हसू आलं. आधी आवाज न करता, मग खांदे हलायला लागले. मलाही आवरेना. गाडीवानाला कळेना आपण काय बोललो. त्यानं आणि ह्यांनी मिळून गाडी तुरीतून ढकलून रस्त्यावर आणली. तूर त्याच्याच चुलत्याची निघाली. आम्ही वाटेत चुलत्याच्या घरी जाऊन सांगितलं, त्यानं बसवून चहा दिला आणि झाडांचं नाव काढू दिलं नाही.

घरी आल्यावर हे रागावतील असं वाटलं होतं. हे रागावले नाहीत. जेवण झाल्यावर कागद घेऊन बसले आणि ऑफिसच्या अक्षरात लिहायला लागले. मला वाचून दाखवलं. “मौका पाहणी केली असता सडक ओली व चिखलयुक्त आढळली. सदर वाहन स्वतःभोवती अर्धा फेरा घेऊन आल्या दिशेस तोंड करून उभे राहिले. जीवितहानी नाही. पीकहानी, तुरीची चार झाडे. कसूर सदर वाहनाचा.”

“चालकाचा जबाब कुठं हाय?” मी विचारलं.

“सांग.”

“लिवा. चालकानं घाबरून पाय उचलला.”

ह्यांनी लिहिलं. मग पेन खाली ठेवलं. “पाय उचलल्यानं गाडी हळू व्हाव लागते. फिरते काऊन?”

सकाळी उठून मी अम्माला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून खणखणीत प्रश्न आला. “मोड़ में पाँव उठाई?”

“हो अम्मा.”

“टायर में हवा कितनी?”

मी म्हटलं, बघून सांगते. आमच्या गाडीचं सगळं काम चौकातले उस्ताद करतात. खरं तर ते ट्रॅक्टरचे मेकॅनिक, पण गाडी पहिल्यांदा बघितली तेव्हापासून तिच्यावर जीव. हवाही तेच भरतात. विचारलं तर म्हणाले, “चारों में बराबर. एकदम कड़क. आपका काम है, मैं कंजूसी करतूँ क्या?”

मी अम्माला हे सांगितलं. अम्मानं तेलुगूत काहीतरी म्हटलं, ते तिच्याजवळ बसलेल्या ताईनं मला नंतरही सांगितलं नाही. मग म्हणाली, “मैं आती.”

आणि ती आलीच. दसऱ्याच्या सुट्टीत ताईबरोबर, दोन बस बदलून, काठी टेकत. उतरल्या उतरल्या पाणीसुद्धा न पिता गाडीपाशी गेली, गाडीच्या टपावरून हात फिरवला आणि मग पुढच्या टायरवर काठी मारून बघितली. त्या आवाजावरूनच तिनं तोंड वाकडं केलं. उस्तादांना बोलावणं गेलं. उस्ताद आले, अम्माला सलाम केला, आणि पुढची पंधरा मिनिटं मान खाली घालून ऐकत राहिले. पुढच्या चाकांत हवा कमी, मागच्यांत जास्त. चारींत सारखी भरली की या गाडीची शेपूट मोकळी सुटते. मागे इंजिनाचं वजन, पुढे हलकी टाकी; तिला पुढेही काहीतरी ओझं लागतं. अम्मा चाळीस वर्षं पुढच्या डिकीत तांदळाचं पोतं ठेवत आली होती. तांदूळ संपत आला की घरचे ओरडायचे, आणि ती म्हणायची, गाडीतला काढू नका.

आमच्याकडे तांदळापेक्षा ज्वारी जास्त. घरात होतं ते वीसेक किलोचं पोतं ह्यांनीच उचलून पुढच्या डिकीत, स्टेपनीच्या मागे नीट बसवलं. मला वाटतं तेवढ्यानं त्यांचा निम्मा राग उतरला. पोतं ही त्यांच्या ओळखीची गोष्ट होती.

कापूस यायला अजून अवकाश होता, त्यामुळे बाजार समितीचं मैदान रिकामं होतं. परवानगी घेऊन आम्ही दुपारी तिथं गेलो. मुरमाची मोकळी जागा. डावा गुडघा चोळून अम्मा ड्रायव्हरच्या सीटवर बसली, पदर खोचला, चपला काढल्या. मी शेजारी बसायला निघाले तर तिनं काठीनं मला अडवलं आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाली, “सार, मीरु कूर्चोंडी.”

तुम्ही बसा. हे इकडे तिकडे बघायला लागले. पण घरी आलेली पाहुणी, पंचाहत्तरीची बाई, तीही मुद्दाम गाडीसाठी आलेली. नाही म्हणता येईना. हेल्मेट घालूनच हे आत बसले. अम्मा हसली.

आधी पोतं काढून ठेवायला लावलं. मग दुसऱ्या गिअरमध्ये तिनं एक मोठं वळण घेतलं आणि मधेच पाय उचलला. गाडीची शेपूट सरकली, धूळ उडाली, गाडी तिरकी होऊन थांबली. हेल्मेटच्या आत ह्यांनी डोळे मिटलेले मला लांबूनही दिसले. मग पोतं ठेवून, वळणाच्या आधी सरळ रस्त्यातच वेग कमी करून, आणि वळणात पाय हलकासा दाबून धरून. गाडी दोरीनं बांधल्यासारखी फिरली. पुन्हा एकदा. उलट्या बाजूनं एकदा. अम्माचा आवाज मैदानभर ऐकू येत होता. “पहले धीमे. बाद में पाँव रख. मोड़ में डर लगे तो भी पाँव नक्को उठाव. समझे?”

चौथ्या फेरीनंतर गाडी माझ्यापाशी येऊन थांबली. मी दार उघडलं. ह्यांचं हेल्मेट मांडीवर होतं. ते उतरले नाहीत. अम्माकडे वळून म्हणाले, “वो पैले वाला, बिगर पोते का, फिर एक बार दिखाते क्या?”

अम्मानं दाखवलं. या वेळी ह्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

मग माझी पाळी. मी दोन तास वळणं घेतली. पहिल्या चार-पाच वेळा पाय आपोआप उचलला जायचा; अम्मा मांडीवर चापट मारायची. संध्याकाळपर्यंत पाय राहायला शिकला. अम्मा चार दिवस आमच्याकडे राहिली. ह्यांनी तिला आपला तो कागद वाचून, हिंदीत समजावून दाखवला. तिनं पेन मागितलं आणि ‘कसूर’च्या पुढचं खोडायला लावून ‘हवेचा’ लिहून घेतलं. खाली तेलुगूत सही केली. तो कागद ह्यांनी गाडीच्या कागदांबरोबर फाईलला लावला आहे. ऑफिसात कुठला कागद कुठे जातो हे त्यांना बरोबर कळतं.

अम्मा गेल्यावर दोन-तीन दिवसांनी हे चहा पिता पिता म्हणाले, “मले शिकवतं का?”

मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा म्हणायला लावावं असं वाटलं.

“गाडी, म्हटलं. शिकवतं का?”

तीस वर्षं मी पोरांना शिकवत आले, पण यांच्याइतका अवघड विद्यार्थी मला मिळाला नव्हता. प्रत्येक गोष्टीचं कारण विचारायचे. गिअर टाकण्याआधी तोंडानं सांगायचे, “दुसरा टाकून राह्यलो.” वळण शंभर पावलांवर असताना हॉर्न वाजवायला सुरुवात, वळण संपल्यावरही थोडा वेळ चालू. आम्ही त्याच मैदानात रोज सकाळी भांडायचो. एकदा तर मी उतरून चालत घरी आले. हे मैदानात एकटेच पहिल्या गिअरमध्ये गोल गोल फिरत राहिले, कारण थांबवलं की पुन्हा सुरू होईल की नाही याची त्यांना खात्री नव्हती. पण पावसाळ्यात माझ्या हातून जे झालं ते ह्यांच्या हातून एकदाही झालं नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, हे ह्यांना कुणी शिकवावंच लागलं नाही. महिन्याभरानं लर्निंग लायसनचा ‘एल’ काचेला चिकटवून आम्ही पहिल्यांदा एकत्र आदिलाबादला गेलो. मोटरसायकल घरी होती. आरशात रिकामा रस्ता बघून मलाच चुकल्यासारखं वाटलं.

हिवाळ्यात गाडीच्या कागदांची मुदत संपत आली. आदिलाबादच्या परिवहन कार्यालयात तपासणीला न्यायची होती. तोवर ह्यांचं पक्कं लायसन आलं होतं, म्हणून हेच चालवत घेऊन गेले. रांगेत पुढे मालट्रक, मागे शाळेची बस, मधे आमची गुड्डू. तपासणारा अधिकारी तरुण होता. गाडी बघून आधी हातातलं पॅड खाली ठेवलं. मग आवाज जड करून म्हणाला, “बोनेट खोलिए.”

ह्यांनी पुढचं झाकण उघडलं. अधिकारी वाकला. “ये क्या है?”

“ज्वारी.”

“इंजन?”

“पीछे.”

“तो ज्वारी आगे काहे को?”

हे फाईल काढायला धावले नाहीत की घाबरले नाहीत. दोन्ही हात मागे बांधून, वर्गात समजावून सांगतात तसं त्यांनी सांगितलं. मागचं वजन, चाकांचं मुडपणं, हवेचा फरक, वळणाआधीचा वेग. अधिकारी ऐकत राहिला. मागच्या बसचा ड्रायव्हरही उतरून ऐकायला आला. शेवटी अधिकाऱ्यानं विचारलं, “ये गाड़ी तो पलटती बोलते. आपको डर नहीं लगता?”

“लगता है,” हे म्हणाले. “इसलिए धीरे चलाता.”

अधिकाऱ्यानं ब्रेक बघितले, दिवे बघितले, हातानं गाडी हलवून बघितली, आणि मग आवारातून एक फेरी मारून आणायला सांगितलं. ह्यांनी आणली. वळताना हॉर्न वाजवला. अधिकारी मला म्हणाला, “मॅडम, सार एकदम पर्फेक्ट ड्राइवर हैं.” मी हो म्हटलं. त्या वेळी दुसरं काही म्हणण्यात अर्थ नव्हता.

कागद मिळेपर्यंत दुपार झाली. परतताना जैनथच्या पुढे रस्त्याच्या कडेला बाया सीताफळं घेऊन बसल्या होत्या. हंगामातली शेवटची, थोडी काळसर पण गोड. ह्यांनी गाडी कडेला घेतली, आधी इंडिकेटर, मग हात बाहेर काढून इशारा, मग हॉर्न. आम्ही बाभळीच्या सावलीत दारं उघडी टाकून बसलो. बिया टाकायला मी पेपर पसरला. अम्माला फोन लावला आणि सांगितलं की गाडीचे कागद झाले. तिनं विचारलं, “कौन चलाया?”

मी फोन ह्यांच्या हातात दिला. हात सीताफळानं चिकट झालेले, म्हणून ह्यांनी तो दोन मनगटांत धरला. “अम्मा, मैं,” हे म्हणाले, आणि मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले, मधून मधून मान हलवत, जणू ती समोरच बसली होती.